तुसाच्या राखेतून पाणी

जानेवारी २०२५ मध्ये धायरी, किरकटवाडी, नांदेड या पुण्यातल्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. संशय पाण्यावर आला, घरोघरी पातेली उकळू लागली. याच पुण्यात, टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात, शुद्ध पाण्याचा एक स्वस्त मार्ग भाताच्या तुसात शोधला गेला होता.

भात भरडला की वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस म्हणून उरतो. त्यात सिलिका इतकी, की ते लवकर कुजत नाही. गिरणीमागे ढीग साचतात. पण नीट जाळलं की सच्छिद्र राख मिळते आणि तिच्या बारीक छिद्रांत गाळ अडकतो. राखेत खडे आणि सिमेंट मिसळून केंद्रानं ‘सुजल’ गाळणी घडवली.

सगळे जंतू मात्र तिला अडवता येत नव्हते.

म्हणून राखेवर चांदीचे नॅनोकण बसवले गेले आणि डिसेंबर २००९ मध्ये ‘टाटा स्वच्छ’ बाजारात आलं, किंमत ७४९ रुपयांपासून. ना वीज लागते, ना नळाचा दाब. खेड्यातल्या घरासाठी हे फार मोलाचं. विरघळलेले क्षार ते काढत नाही, हे ठळक सांगायलाच हवं. त्यातला ‘बल्ब’, म्हणजे राखेची गाळणी असलेला भाग, सुमारे ३,००० लिटर पाणी गाळतो. त्याची क्षमता संपली की धार आपोआप थांबते.