मासिक पाळीचे दुखणे व व्यायाम

मासिक पाळी आली की कित्येक मुलींचे ओटीपोट व कंबर दुखू लागते. “बायकांच्या जातीने हे सोसावेच,” असे म्हणून घरची वडीलमंडळी स्वस्थ बसतात. परंतु हे दुखणे नशिबाचे नव्हे, आणि ढोंगही नव्हे. गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये उत्पन्न होतात. त्यांच्या योगाने गर्भाशय आवळला जातो, त्यास रक्त कमी पोहोचते व कळा येतात.

पोट, पाठ व ओटीपोटाचा तळ यांचे स्नायू म्हणजे कंबरेस बांधलेला जणू शेलाच होय. तो बळकट करण्याची एक सोपी रीत अशी : उताणे निजून गुडघे मुडपावे, श्वास सोडीत बेंबी आत ओढावी व कंबर सावकाश वर उचलावी. २०१९ साली कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात असे आढळले की, आठवड्यातून तीनदा पाऊण ते एक तास व्यायाम केल्यास, मग तो हलका असो वा जोराचा, या वेदना बऱ्याच कमी होऊ शकतात.

म्हणून आईबापांस आमची विनंती आहे की, मुलींसाठी कवायतीतून कायमची सुटी मागू नये; आणि दर महिन्यास शाळा चुकण्याइतके दुखत असेल, तर डॉक्टरांस अवश्य दाखवावे. मुलींनो, लाजू नका, आईस सांगा.