द्वारकेचा चौक आणि संगणकाची मधली बोली

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा रस्ता आणि नाशिक-पुणे रस्ता एकमेकांना भेटतात. मुंबईहून आलेला इथे पुण्याकडे वळतो, धुळ्याहून आलेला नाशिकरोड स्टेशनाकडे. प्रत्येक गावाहून प्रत्येक गावाला स्वतंत्र रस्ता बांधायचा म्हटले असते, तर शेतीला जमीनच उरली नसती! सारे रस्ते एका चौकात आणले की काम भागते. तिथे गर्दी होते, हा भाग वेगळा.

संगणकापुढेही हाच प्रश्न होता. संगणकाच्या प्रोसेसरला फक्त स्वतःची आकड्यांची भाषा कळते आणि एका जातीच्या प्रोसेसरची भाषा दुसऱ्या जातीला कळत नाही. माणसे मात्र प्रोग्राम लिहितात ते आपल्याला सोयीच्या भाषांत. समजा, अशा पाच भाषा आहेत आणि यंत्रांच्या सहा जाती. मग दुभाषे लागणार तीस. मध्ये सर्वांनी मिळून एकच बोली ठरवली, तर अकरांत भागते. अशी सामाईक बोली करण्याची 'अन्कॉल' नावाची कल्पना १९५८ मध्ये अमेरिकेत मांडली गेली, पण ती प्रत्यक्षात उतरली नाही. पुढे १९७०च्या दशकात सॅन डिएगोच्या विद्यापीठात केनेथ बोल्स यांनी पास्कल भाषेसाठी 'पी-कोड' वापरून ही युक्ती छोट्या संगणकांवर चालवून दाखवली. १९९५ मध्ये आलेल्या 'जावा'ने ती जगभर नेली. या मधल्या बोलीलाच म्हणतात 'बाइटकोड'.

आपली मुले शाळा-कॉलेजात जी 'पायथॉन' शिकतात, ती १९९१ मध्ये गिदो व्हॅन रोसम यांनी प्रसिद्ध केलेली भाषाही याच वाटेने जाते. द्राक्षाच्या पेटीचा हिशेब घ्या. मुलगा लिहितो, किंमत म्हणजे दर गुणिले वजन. (पायथॉनच्या २००८ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून ही नावे देवनागरीतही देता येतात.) बाइटकोडमध्ये त्याच्या चार बारीक आज्ञा होतात: दर उचल, वजन उचल, गुणाकार कर, उत्तर 'किंमत' या नावाने ठेव. प्रत्येक प्रकारच्या आज्ञेला एका बाइटात मावेल असा क्रमांक असतो, म्हणून हे नाव. त्या क्रमांकांप्रमाणे काम करून घेणारा प्रोग्राम प्रत्येक यंत्रावर असतो. तो जणू यंत्रात बसलेले एक काल्पनिक यंत्रच. घरच्या जुन्या संगणकावर लिहिलेला हिशेब त्याच्याच जोरावर वेगळ्या जातीच्या यंत्रावरही चालतो.

फुकट मात्र काही मिळत नाही. दुभाष्यामार्फत बोलायचे म्हणजे वेळ जातोच. पायथॉन प्रोग्रामने बाहेरून आयात केलेल्या भागांचा बाइटकोड जपून ठेवते, त्यामुळे पुढच्या वेळी प्रोग्राम लवकर सुरू होतो. पण सुरू झाल्यावर त्याची धाव काही वाढत नाही.

खरी गोम आणखी वेगळीच आहे. मधली बोली एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाते, पण एका काळातून दुसऱ्या काळात जाईलच असे नाही. 'फ्लॅश' आठवते ना? मुलांचे कितीतरी खेळ, चित्रफिती आणि पाठ त्यात होते. 'अ‍ॅक्शनस्क्रिप्ट'मध्ये लिहिलेला मजकूर बाइटकोड होऊन फाइलीत बसे आणि 'फ्लॅश प्लेअर' असलेल्या कोणत्याही संगणकावर चाले. अ‍ॅडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी या प्लेअरचा आधार काढून घेतला. फाइली होत्या तशाच राहिल्या, पण त्या वाचणाराच गेला! आता 'रफल'सारखे नवे दुभाषे लिहून काही हौशी मंडळी त्यातले बरेच खेळ पुन्हा चालते करीत आहेत. पायथॉनमध्येही एका आवृत्तीचा बाइटकोड दुसरी आवृत्ती सहसा स्वीकारत नाही. मूळ मजकूर जवळ असेल, तर ती मुकाट्याने नवा बाइटकोड करून घेते. तो नसेल, तर तिथेच गाडी अडते.

म्हणून, वाचकहो, दुकानासाठी, दवाखान्यासाठी किंवा सोसायटीच्या हिशेबासाठी कुणाकडून प्रोग्राम करून घेत असाल, तर एक गोष्ट आधीच लेखी ठरवून घ्या. चालणारा प्रोग्राम तर हवाच, पण ज्यातून तो बनला तो मूळ मजकूरही आपल्या ताब्यात हवा. उद्या करून देणारा गाव सोडून गेला किंवा त्याने धंदा बदलला, तरी दुसरा जाणकार तो वाचून काम पुढे नेऊ शकेल. नुसता बाइटकोड हाती असेल, तर त्याला अंदाजानेच चाचपडावे लागेल. घरातल्या मुलांनाही हेच सांगा. आपण लिहिलेला प्रोग्राम वहीसारखा जपा, त्यावर तारीख घाला, त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा. बाइटकोड यंत्र पुन्हा तयार करील; मूळ मजकूर हरवला, तर तो पुन्हा माणसालाच लिहावा लागतो.