कोंबड्यांच्या घरात वारा खेळू द्या

गेल्या पावसाळ्यात खानवेलच्या बाजूच्या एका पाड्यावर आम्ही एका कुटुंबाला भेटायला गेलो होतो. कारवीच्या कुडाचे, शेणाने सारवलेले नेटके घर. एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्या कोपऱ्यात गोधडीवर खोकणारी लहान नात आणि तिच्या उशापासून चार हातांवर टोपलीखाली डाललेल्या सात कोंबड्या. दार लावले की रात्रभर सर्वांचा श्वास एकाच खोलीत. आम्ही आजीबाईंना म्हटले, "आजी, कोंबड्यांना बाहेर घर बांधा." त्या म्हणाल्या, "फादर, बाहेर ठेवल्या तर मुंगूस एकही शिल्लक ठेवायचा नाही. अंडी विकून आमचं मीठमिरची चालतं."

आजीबाईंचे म्हणणे खोटे नव्हते. कोंबडी बाहेर ठेवावी तर मुंगूस, रानमांजर आणि चोर. घरात ठेवावी तर घाण, पिसवा आणि वास. ह्यावर उपाय एकच : भक्कम, पण हवेशीर खुराडे. 'भक्कम' हा शब्द सर्वांना पटतो. 'हवेशीर' हा शब्द मात्र आम्हालाही नुकसान सोसल्यावरच कळला.

काही वर्षांपूर्वी आम्ही आवारात चौदा कोंबड्यांसाठी खुराडे केले. जूनच्या पहिल्या झडीला भिऊन त्याला चारी बाजूंनी प्लॅस्टिकचा कागद ठोकला. आत थेंबही येत नव्हता, म्हणून आम्ही खूश होतो. तीन आठवड्यांत कोंबड्यांच्या नाकातून पाणी येऊ लागले, डोळे सुजले, श्वासाला घरघर लागली आणि पाच कोंबड्या मेल्या. पशुवैद्यांनी खुराड्याचे दार उघडले आणि तोंड बाजूला वळवून म्हणाले, "औषध नंतर. आधी हा कागद काढा." दोष आमचाच होता.

असे का होते, ते समजून घेऊ. अंडी देणारी एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते. त्यातले थोडे अंड्यात जाते. बाकीचे विष्ठेतून आणि श्वासातून बाहेर पडते. म्हणजे दहा कोंबड्या दिवसाकाठी दोन लिटरांहून अधिक पाणी बाहेर टाकतात आणि त्यातले बरेचसे रात्री खुराड्यातच राहते. ओल्या विष्ठेतून अमोनिया नावाचा वायू निघतो. तोच डोळ्यांना झोंबतो. कोंबडीच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, त्यामुळे घाण हवा तिच्या शरीरात खोलवर पोचते आणि रोगांना वाट मोकळी होते. ओल्या जमिनीवर रक्ती हगवणही बळावते. उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते : कोंबडीला घाम येत नाही. तोंड उघडून धापा टाकणे हाच तिचा गारवा. कोंडलेल्या खुराड्यात तिला तेवढाही आधार मिळत नाही.

आपल्याकडे थंडी बेताचीच असते आणि कोंबडीच्या अंगावर पिसांची गोधडी असतेच. म्हणून थंडीपेक्षा ओल आणि कोंदटपणा हेच तिचे खरे शत्रू होत.

आता दहा कोंबड्यांचे खुराडे कसे बांधावे ते पाहू. जागा उंचवट्याची, पाणी न साचणारी असावी आणि घरापासून थोडी दूर, पण हाकेच्या अंतरावर असावी. लांबी 6 फूट, रुंदी 4 फूट. लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे दुपारचे ऊन आत घुसत नाही. चार पक्के खांब रोवून तळ जमिनीपासून 2 फूट उंच घ्यावा. तळाला फोडलेल्या बांबूच्या पट्ट्या अर्ध्या इंचाच्या फटी ठेवून बसवाव्यात. बरीच विष्ठा खाली पडते आणि ह्याच फटींतून ताजी हवा वर येते.

पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून असतो. म्हणून पश्चिमेची भिंत पूर्ण बंद करावी. दक्षिणेची भिंत 3 फूट उंच घेऊन वरचे 9 इंच सोडून बाकी बंद करावी. उत्तरेची भिंत 4 फूट उंच करून तिचा वरचा दीड फूट मोकळा ठेवावा. दार पूर्वेला असावे. भिंती कारवीच्या कुडाच्या चालतील. मोकळ्या जागी अर्धा इंच घराची मजबूत लोखंडी जाळी लावावी. मोठ्या घरांच्या पातळ जाळीतून उंदीर आणि लहान साप सहज आत शिरतात. छप्पर कौलांचे किंवा पेंढ्याचे असावे. पत्रा असल्यास त्यावर पेंढा टाकावा. वळचण दोन फूट बाहेर काढावी. गरम, ओलसर हवा हलकी होऊन वर जाते आणि उंच बाजूच्या जाळीतून निघून जाते. हेच खुराड्याचे धुराडे समजा.

बसण्यासाठी तळापासून एक फुटावर गोल दांड्या बांधाव्यात. प्रत्येक कोंबडीला आठ इंच जागा पुरते. जाळी तिच्या डोक्याच्या वर राहिली पाहिजे, म्हणजे वारा खेळतो, पण झोत थेट अंगावर येत नाही. झडीच्या दिवसांत पावसाच्या बाजूला गोणपाटाचा पडदा सोडावा, पण वर वीतभर फट ठेवावी आणि पाऊस थांबताच पडदा गुंडाळावा.

दिवसा फिरण्यासाठी पुढे 12 फूट लांब व 8 फूट रुंद कुंपण घालावे. कुंपणाची जाळी एक फूट जमिनीत पुरून बाहेरच्या बाजूला वळवावी, म्हणजे मुंगसाला उकरून आत येता येत नाही. वर तोंडली किंवा दोडक्याचा वेल चढवावा : कोंबड्यांना सावली, घरात भाजी. एका कोपऱ्यात छपराखाली राख आणि कोरडी माती ठेवावी. कोंबड्या तीत लोळून उवा झाडतात.

आठवड्याला खालची विष्ठा काढून शेणखतात मिसळावी. दांड्यांच्या टोकांना आणि भिंतीच्या फटींना चुना लावावा. रात्री रक्त पिणारे लाल गोचीड दिवसा तिथेच लपतात. मानमोडीची लस वेळेवर टोचून घ्यावी, कारण हवेशीर खुराडे लसीची जागा घेत नाही. फेब्रुवारी 2006 मध्ये आपल्या देशात बर्ड फ्लू प्रथम आढळला तो फार दूर नव्हे, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला. तेथे लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. म्हणून बऱ्याच कोंबड्या एकाएकी मेल्या तर त्या खाऊ नयेत, नदीत टाकू नयेत, उघड्या हाताने उचलू नयेत. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवावे.

खुराडे नीट झाले की नाही ह्याची परीक्षा सोपी आहे. पहाटे, दार उघडण्याची वेळ होताच, खाली बसून कोंबडीच्या उंचीवर तोंड न्यावे आणि श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर हवा कमी आहे. तेथे आपल्याला घटकाभर बसवत नसेल, तर कोंबडीने रात्र कशी काढावी?

आजीबाईंच्या घरामागे मे महिन्यात असे खुराडे उभे राहिले. बांबू त्यांचेच होते. जाळी तेवढी विकत आणली. पहिल्या दोन रात्री त्या काठी घेऊन ओट्यावर बसून होत्या. तिसऱ्या रात्री मुंगूस आला, जाळी उकरून पाहिली आणि निघून गेला. आता नातीच्या उशाशी टोपली नसते. तिच्या खोकल्यासाठी आम्ही तिला डॉक्टरांकडेही पाठवले आहे, कारण नुसते खुराडे बांधून खोकला बरा होईल असे आम्ही सांगणार नाही. पण तिच्या झोपण्याच्या जागी आता शुद्ध हवा आहे, एवढे नक्की.

पहिला पाऊस येण्यापूर्वी हे काम उरकावे. आमच्या आवारातले खुराडे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी केव्हाही यावे. मोजमापासाठी सुतळी तेवढी बरोबर आणावी.