यकृताचा तज्ज्ञ केव्हा गाठायचा?

घोरावाडीहून लोकलने एका बाजूला तळेगाव, दुसऱ्या बाजूला पुणे. तरीही सिरोसिसचा रुग्ण यकृततज्ज्ञापर्यंत बहुधा पोचतो तो रक्ताची उलटी झाल्यावर किंवा बरळू लागल्यावर. माझ्या मते पोटात पहिल्यांदा पाणी झाले, की लगेच प्रत्यारोपण करणाऱ्या केंद्रातल्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यायला हवा. आजाराची तीव्रता मोजणारा मेल्ड गुणांक बिलिरुबिन, क्रिएटिनिन, सोडियम आणि आयएनआर या साध्या रक्ततपासण्यांवरूनच काढतात. वेळ हाताशी असेल तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा एंडोस्कोपीने बांधता येतात, हिपॅटायटिस ‘बी’वर औषध सुरू होते, दात्याचा विचार शांतपणे करता येतो. 1994चा अवयव प्रत्यारोपण कायदा आणि त्यातली 2011ची दुरुस्ती यांनुसार जोडीदार, आईवडील, मुले, भावंडे, आजीआजोबा, नातवंडे हे दाता होऊ शकणारे जवळचे नातेवाईक ठरतात. मेंदूमृत दात्याचे यकृत हवे असेल तर नोंदणी रुग्णालयामार्फत पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे होते.

‘इतका खर्च आम्हाला कुठून झेपणार?’ हा प्रश्न खरा आहे. पण सल्ला घेणे म्हणजे शस्त्रक्रियेला होकार देणे नव्हे. तज्ज्ञाने आखलेले उपचार तळेगावच्या डॉक्टरांकडे चालू ठेवता येतात, दर सहा महिन्यांची सोनोग्राफीही तिथेच होते. ‘दारू प्यायला, आता भोगू दे’ असेही घरात बोलले जाते. दारू सुटली तर खालावलेले यकृतही अनेकदा सावरते, आणि न पिणाऱ्यालाही चरबीमुळे सिरोसिस होतोच.