‘आले नाहीत’ : एका रकान्याची गोष्ट

साल 1998. पदव्युत्तर शिक्षण संपवून मी एका रुग्णालयाच्या नवजात शिशु विभागात नुकताच रुजू झालो होतो. जन्मतः कमी वजन असलेल्या बालकांची वर्षभर नियमित तपासणी व्हावी, म्हणून दर बुधवारी आमचा स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चाले. जी बालके ठरल्या तारखेला येत नसत, त्यांच्या नावापुढे लाल शाईने ‘आले नाहीत’ असे लिहून आम्ही घरच्या पत्त्यावर छापील पोस्टकार्ड धाडीत असू. वर्षअखेरीस मी नोंदवहीतील आकडे जुळवून विभागाच्या बैठकीत एक छोटा निबंध वाचला. वर्षभरानंतर तपासलेल्या बालकांचा विकास समाधानकारक आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

पुढच्याच आठवड्यात चंदगड तालुक्यातील एक गृहस्थ आमचे कार्ड हातात घेऊन दारात उभे राहिले. ते शांतपणे म्हणाले, “डॉक्टरसाहेब, बाळ श्रावणातच गेलं. हे कार्ड आलं की त्याची आई दिवसभर जेवत नाही. तेवढं पाठवायचं बंद करा.”

तोवर आमची तीन कार्डे त्या घरी पोचली होती. माझ्या निबंधात मात्र ते बाळ कोठेच नव्हते. जिवंतांत नव्हते आणि मृतांतही नव्हते. गणित करताना मी त्याला सरळ वगळले होते.

त्यानंतर आमच्या विभागातील समाजसेविका आणि मी मिळून लाल शाईतील नावांचा शोध घेऊ लागलो. काही बाळंतिणींचे माहेर बेळगावचे आणि सासर सावंतवाडी किंवा म्हापशाकडचे होते. बाळ तीन-चार महिन्यांचे झाल्यावर त्या रीतीप्रमाणे सासरी गेल्या होत्या. काही आईबाप ऊसतोडीच्या टोळीतले. हंगाम संपला, टोळी गावी परतली आणि तिच्याबरोबर बाळही. काहींना एसटीचे भाडे आणि बुडणारी मजुरी परवडत नव्हती. काही घरी बाळ गुटगुटीत होते, ‘मग दवाखान्यात कशाला?’ असा त्यांचा रास्त प्रश्न होता. आणि काही घरांत बाळ मान धरत नव्हते. लोक काय म्हणतील या संकोचाने आई त्याला बाहेर काढीत नव्हती. आम्ही या सर्वांना एकाच रकान्यात कोंबले होते.

दीर्घकालीन आरोग्य-अभ्यासांतील सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. माणसे गळतात, आणि ती का गळाली यावर उरलेल्या माहितीचा खरेपणा अवलंबून असतो. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी 1976 साली या प्रश्नाला शिस्तबद्ध रूप दिले. त्यातून पुढे गळतीचे तीन प्रकार रूढ झाले. पहिला, निव्वळ योगायोगाची गळती. दुसरा, आपल्याजवळ नोंद असलेल्या गोष्टींवरून उलगडणारी गळती; उदाहरणार्थ, गावाचे अंतर किंवा आईचे शिक्षण. तिसरा सर्वांत घातक. ज्या गोष्टीचा आपण शोध घेत आहोत, तीच न येण्याचे कारण असते. मान न धरणारे बाळ आणि श्रावणात गेलेले बाळ या तिसऱ्या प्रकारात मोडतात. सासरी गेलेली बाळे मला प्रथम योगायोगाची वाटली होती. पण माहेरी बाळंतपणाला येते ती बहुधा पहिलटकरीण. म्हणजे तीही गळती नकळत पहिल्या खेपेच्या बाळांचीच अधिक होती. निव्वळ योगायोग वाटतो त्यापेक्षा फार दुर्मिळ असतो.

एक काल्पनिक हिशेब मांडतो. समजा, कमी वजनाच्या 100 बालकांपैकी वर्षाने 60 आली आणि त्यांतील 6 जणांचा विकास मंदावलेला आढळला. आपण म्हणणार, प्रमाण 10 टक्के. न आलेली सर्व 40 बालके उत्तम असतील, तर खरे प्रमाण 6 टक्के. त्यांतील निम्मी बाधित असतील, तर 26 टक्के. सगळीच बाधित असतील, तर 46. उपस्थितांची तपासणी कितीही काटेकोर केली, तरी 6 आणि 46 यांमधील ही दरी त्याने बुजत नाही.

रिकामी घरे भरण्याचे सोपे मार्ग अनेकांनी चोखाळले आहेत. शेवटचे मोजमाप पुढे ओढणे हा त्यांतील एक. बालरोगतज्ज्ञाला तर तो हास्यास्पदच वाटावा. सहाव्या महिन्यात 6 किलो भरलेले बाळ वर्षानेही 6 किलोच धरायचे, म्हणजे धडधाकट मुलाला कागदावर कुपोषित ठरवायचे! सर्वांना सरासरी आकडा बहाल केला, तर माणसामाणसांतील फरक पुसला जातो आणि नसलेली खात्री निर्माण होते. ‘मल्टिपल इम्प्युटेशन’ ही पद्धत अधिक प्रामाणिक आहे. उपलब्ध माहितीच्या आधारे प्रत्येक रिकाम्या घरासाठी अनेक संभाव्य आकडे काढायचे, तितके संच वेगवेगळे तपासायचे आणि उत्तरे एकत्र करताना त्यांच्यातील तफावतही हिशेबात धरायची. दुसरी पद्धत भार देण्याची. दूरच्या खेड्यातून जी थोडी बालके आली, त्यांना तेथील न आलेल्यांचेही प्रतिनिधित्व द्यायचे. मात्र या दोन्ही पद्धती सामान्यतः दुसऱ्या प्रकारच्या गळतीवरच भरवशाच्या ठरतात. तिसऱ्या प्रकारात निरनिराळी गृहीतके धरून निष्कर्ष कितपत टिकतो हे पाहावे आणि ते उघड सांगावे, हाच मार्ग.

आपल्या देशातील एक थोर उदाहरण पाहू. डॉ. संतोष भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 ते 1972 या काळात दक्षिण दिल्लीच्या 12 चौरस किलोमीटर भागात जन्मलेल्या बालकांची नोंद केली. जिवंत जन्म 8,181. तिशीच्या आसपास पोचलेल्या त्यांतील 1,492 जणांची तपासणी 2004 साली प्रसिद्ध झाली. 4.4 टक्क्यांना मधुमेह होता आणि 10.8 टक्क्यांची ग्लुकोज-सहनशीलता बिघडलेली होती. दोन वर्षांपर्यंत सडपातळ असलेली आणि नंतर झपाट्याने अंग धरलेली मुले अधिक धोक्यात होती. हा अभ्यास मला शिरोधार्य वाटतो. तरीही तो वाचताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. मधुमेहाचे प्रमाण मूळच्या सर्व मुलांना जसेच्या तसे लावणे धाडसाचे होईल. वाढीची रीत आणि मधुमेह यांचे नाते त्या मानाने अधिक टिकाऊ असते. ते विकृत होण्यासाठी गळतीचा संबंध वाढीशी आणि आजाराशी, दोहोंशी असावा लागतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 साली पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू केलेला मातृपोषणाचा अभ्यासही असाच दीर्घ पल्ल्याचा. तेथे जन्मलेल्या मुलांची तपासणी पुढे वर्षानुवर्षे होत राहिली. घराघरांशी जिव्हाळ्याचे नाते राखल्याशिवाय हे घडत नाही. संख्याशास्त्रातील कोणतीही पद्धत त्या नात्याची जागा घेऊ शकत नाही.

आपल्यापैकी फार थोडे जण असे प्रचंड अभ्यास हाती घेतील. पण मधुमेह, रक्तदाब, क्षय किंवा लसीकरणाची नोंदवही प्रत्येकाच्या दवाखान्यात असते, आणि ‘माझे रुग्ण उत्तम आहेत’ हे विधान आपण सारेच परत आलेल्या रुग्णांवरून करतो. म्हणून व्यवसायबंधू-भगिनींना तीन विनंत्या. पहिल्याच भेटीत माहेर व सासर असे दोन्ही पत्ते आणि दोन दूरध्वनी क्रमांक टिपावेत. कोणी आले नाही, तर आशा किंवा अंगणवाडी सेविकेमार्फत विचारपूस करून कारण लिहावे : सासरी गेले, गाव सोडले, भाडे परवडत नाही, बरे वाटते, प्रकृती ढासळली, निधन. आणि ज्याने स्वतःहून अभ्यासातून माघार घेतली असेल, त्याचा पिच्छा पुरवू नये. तो त्याचा अधिकार आहे. कारण त्याने खुशीने सांगितले, तरच नोंदवावे.

आमच्या विभागात पुढे ‘आले नाहीत’ हा शिक्का बंद झाला. कार्ड धाडण्यापूर्वी गावात चौकशी करायची, असा नियम आम्ही केला. माझा तो निबंध मात्र मी कोठेही छापण्यास पाठविला नाही. सुधारलेल्या आकड्यांसह बैठकीत तो पुन्हा वाचला, तेव्हा निष्कर्षातून ‘समाधानकारक’ हा शब्द गाळावा लागला. या खेपेस कोणी पाठ थोपटली नाही. श्रावणात गेलेले बाळ मात्र या वेळी मोजले गेले होते.