पोटाच्या भिंतीला आतून जाळी

संपादकांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेवर लिहायला सांगितलं तेव्हा डोळ्यांसमोर कॅमेरा आणि मोठा पडदा होता. एका तालुक्याच्या गावी, पेशंटची आणि डॉक्टरांची परवानगी घेऊन थिएटरच्या कोपऱ्यात उभं राहिल्यावर मात्र नजर अडकली ती एका पांढऱ्या जाळीवर. पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्यांची, पंधरा सेंटिमीटर लांब, दहा सेंटिमीटर रुंद, हातात घेतली तर वजनही न जाणवणारी.

टेबलावर बाजार समितीत पोती वाहणारे एक काका होते. जांघेतला फुगवटा उभं राहिलं की दिसायचा, आडवं झालं की आत जायचा. बरेच दिवस त्यांनी पट्टा बांधून रेटले. पट्टा फुगवटा दाबून धरतो, भोक बुजवत नाही. पुरुषाच्या जांघेतून वृषणाकडे वीर्यनलिका आणि रक्तवाहिन्या जातात, म्हणून पोटाची भिंत तिथे मुळातच कच्ची असते. वर्षानुवर्षांचा खोकला, शौचाला कुंथणं, लघवीला लावावा लागणारा जोर, जड ओझी, यांनी पोटातला दाब वाढत राहतो आणि एक दिवस आतडं किंवा चरबी त्या कच्च्या जागेतून बाहेर डोकावते. हाच हर्निया, म्हणजे अंतर्गळ. गोळ्यांनी तो जात नाही.

इतिहास थोडक्यात असा. पादुआच्या एदोआर्दो बास्सिनी यांनी १८८०च्या दशकात भिंतीचे थर नीट ओळखून शिवायची पद्धत घालून दिली. पण दोन कडा ओढून शिवल्या की टाक्यांवर ताण येतो आणि ताण आला की शिवण उसवते. लॉस एंजेलिसच्या अर्व्हिंग लिक्टेनस्टाइन यांनी १९८९ साली ताण न देता जाळी बसवण्याचे आपले अनुभव प्रसिद्ध केले आणि हर्नियाचं शास्त्रच पालटलं. पुढच्याच वर्षी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. दुर्बीण पित्ताशयाकडून जांघेकडे यायला मग फार काळ लागला नाही.

काकांच्या बेंबीखाली छोटा छेद गेला. दुर्बीण पोटाच्या पोकळीत शिरलीच नाही. स्नायू आणि पोटाचं अस्तर यांच्यामधल्या फटीत सरकली. कार्बन डायऑक्साइड सोडून ती फट फुगवली, पाच मिलिमीटरच्या आणखी दोन छिद्रांतून चिमटे आत गेले. भोकात शिरलेली अस्तराची पिशवी वीर्यनलिकेपासून हळूहळू सोडवून मागे ओढली. मग जाळीची सुरळी करून ती कॅमेऱ्याच्या नळीतून आत ढकलली.

खरी कसोटी इथून सुरू झाली. जाळी आत सुटली की गुंडाळलेलीच राहू बघते. एक कड उलगडावी तर दुसरी वळते. कॅमेरा धरलेला ज्युनिअर म्हणाला, "सर, तिरकी पडतेय." सरांनी मान न वळवता उत्तर दिलं, "असू दे. खालची कड आधी बघ." अस्तर पुरेसं खालपर्यंत सोडवलेलं नसेल, तर गॅस काढल्यावर ते परत येताना जाळीची खालची कड उचलतं आणि हर्निया तिथूनच पुन्हा डोकं काढतो. दोन चिमट्यांनी, पडद्याकडे बघत, ती कड बसेपर्यंत थिएटरमध्ये कुणी बोललं नाही.

या पद्धतीतली सगळ्यात देखणी गोष्ट गॅस सोडल्यावर घडते. पाण्याच्या टाकीला बाहेरून लावलेलं ठिगळ पाणी ढकलून काढतं. आतून लावलेलं मात्र पाण्याच्याच दाबाने भिंतीला चिकटून राहतं. ज्या खोकल्याने हर्निया केला, तोच खोकला आता जाळी जागेवर दाबून धरतो. शिवाय जांघेतल्या तिन्ही कच्च्या जागा एकाच जाळीखाली झाकल्या जातात.

हे बघून भारावून जाणं सोपं आहे, पण सरांनीच मला जमिनीवर आणलं. अस्तराला बारीक भोक पडलं तरी गॅस पोटात शिरतो आणि कामाची फट मिटते. वीर्यनलिका आणि वृषणाच्या रक्तवाहिन्या यांच्यामधल्या त्रिकोणात पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या असतात. त्याला सर्जन 'ट्रँगल ऑफ डूम' म्हणतात. त्याच्या बाहेरच्या अंगाला नसा असतात. तिथे चुकून जाळीची पिन मारली, तर पेशंटला बरीच वर्षं दुखत राहू शकतं. जांघ दुखत राहण्याची तक्रार उघड्या शस्त्रक्रियेनंतरही असते. दुर्बिणीने ती कमी होते, संपत नाही.

हात बसायला वेळ लागतो तो वेगळाच. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधला मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन वर्षांत हर्निया परत आल्याचं प्रमाण दुर्बिणीच्या गटात १०.१ टक्के होतं, उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात ४.९. दुर्बिणीतून अडीचशेहून जास्त हर्निया केलेल्या सर्जनांच्या हाती मात्र हा फरक बराच कमी झाला होता. म्हणून दुर्बीण आहे का, एवढं विचारून भागत नाही. ती धरणाऱ्याने आजवर किती हर्निया केले, हेही विचारायला हवं.

दुर्बिणीला सहसा पूर्ण भूल लागते, म्हणजे भूलतज्ज्ञ लागतो. लिक्टेनस्टाइनची शस्त्रक्रिया फक्त ती जागा बधिर करूनही होते. आणि खर्च? त्याचं एक उत्तर आपल्याच धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचातून आलं. डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून उघड्या शस्त्रक्रियेत जाळी म्हणून वापरलं आणि इतर सर्जनांसह केलेली चाचणी २००३ साली प्रसिद्ध केली. पुढे युगांडातल्या ३०२ पुरुषांवर अशीच तुलना झाली. २०१६ साली आलेल्या त्या निष्कर्षांत वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटात एकाचा हर्निया परत आला होता, महागड्या जाळीच्या गटात कुणाचाच नाही. हा फरक नगण्यच.

दोन्ही बाजूंना हर्निया असेल किंवा उघड्या शस्त्रक्रियेनंतर तो परत आला असेल, तर अनुभवी हातातल्या दुर्बिणीला तोड नाही. त्रास नसलेल्या पुरुषाला डॉक्टर काही काळ थांबूही देतात. पण आत जाणारा फुगवटा अडकला, दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. तेव्हा तासांचा हिशेब असतो. दुर्बिणीसाठी पैसे साठेपर्यंत दुखरा फुगवटा पट्ट्याखाली दाबत बसण्यापेक्षा जवळच्या सरकारी रुग्णालयात वेळेवर उघडी शस्त्रक्रिया करून जाळी बसवून घेणं कितीतरी शहाणपणाचं. दुर्बीण हा जाळीपर्यंत पोचण्याचा एक चांगला रस्ता आहे, एकमेव नाही.