तरुणांची नोंदवही

मोर्चा निघतो, घोषणा होतात, शिष्टमंडळ आत जाते आणि टेबलापलीकडचे साहेब शांतपणे विचारतात, "किती जण? कोण कोण? केव्हापासून?" एवढ्या तीन शब्दांपुढे आमच्या चळवळीची कितीतरी निवेदने गारद झालेली आम्ही पाहिली आहेत. "कामगारांवर फार अन्याय होतो" या वाक्याला सभेत टाळ्या पडतात, परंतु कचेरीत त्याला वजन नसते. आमची शाळा सातवीतच सुटली. पुढे जे काही शिकलो ते अशा टेबलांपुढे उभे राहून. म्हणून आपल्या वस्तीची माहिती तरुण मुलांनी स्वतः गोळा करावी असे जेव्हा आम्ही म्हणतो, तेव्हा नेमके काय करावयाचे, हे येथे सांगण्याचा विचार आहे.

ही रीत काही आज निघालेली नाही. 1876-77 च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून हकीकती जमवून त्या प्रसिद्ध केल्या. तिकडे 1880 साली कार्ल मार्क्सने फ्रान्समधील कामगारांसाठी शंभराच्या घरात प्रश्नांची एक यादी तयार केली. उत्तरे मात्र थोडकीच आली. दिवसभर राबून आलेल्या माणसाला शंभर प्रश्न विचारावयाचे, म्हणजे तीही एक बिनपगारी जादा पाळीच की!

आमच्या खानदेशातील मोठे उदाहरण शहाद्याचे. शहादा तालुका आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. 1 जुलै 1998 पूर्वी तो धुळे जिल्ह्यात होता. तेथील भिल्लांच्या जमिनी कर्ज, गहाण आणि अंगठा या वाटेने इतरांच्या हाती गेल्या होत्या. अंबरसिंग सुरतवंती यांनी हा प्रश्न चव्हाट्यावर आणला आणि 30 जानेवारी 1972 रोजी शहाद्यास भूमुक्ती मेळावा भरला. त्याच सुमारास मुंबई-पुण्याकडील काही शिकलेली मुले तेथे येऊन राहिली, स्थानिक तरुण त्यांना मिळाले आणि श्रमिक संघटना उभी राहिली. कोणाची जमीन, कोणाकडे, कशी गेली, ही माहिती गावोगाव विचारून काढणे हा त्या कामाचा एक भाग होता.

अशा माहितीत एका तारखेला काय किंमत असते पाहा. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा 1974 चा कायदा झाला, तो 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनींसाठी. म्हणजे जमीन मार्च 1957 मध्ये गेली की मे 1957 मध्ये, यावर एका कुटुंबाची भाकरी अवलंबून! म्हातारा सांगतो, "थोरल्या पोराच्या लग्नाच्या साली गेली." ते खोटे नसते, पण कायद्याला ते ऐकू येत नाही. मग सातबारा काढावयाचा. जमीन आज कोणाच्या नावे आहे ते त्यावर कळते. ते नाव कसे चढले हे कळण्यासाठी मात्र सातबाऱ्यावरचा फेरफाराचा क्रमांक घेऊन गाव नमुना 6 मधील मूळ नोंद पाहावी लागते. तेथेही डोळे उघडे ठेवावेत. व्यवहार झाल्याची तारीख आणि नोंद झाल्याची तारीख पुष्कळदा एक नसते. दोन्ही उतरून घ्याव्यात. कागद दाखविण्यास कोणी टाळाटाळ केली तर 2005 चा माहिती अधिकाराचा कायदा आहे, आणि त्यात उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत घातलेली आहे. कॉलेजातल्या पोराला हे एका दिवसात शिकविता येते.

आता आमची फजिती सांगतो. एका डाळमिलीत बायाबापड्यांकडून बारा-बारा तास काम घेत आणि हजेरी आठाचीच मांडीत. तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या कारखाने कायद्याप्रमाणे जादा तासांना दुप्पट दराने मजुरी द्यावयास हवी होती. कामगारांचीच अकरावी-बारावीतली मुले आम्ही सुटीत कामाला लावली. पहिल्या दिवशी ती फाटकावर उभी राहून विचारू लागली. मुकादम हाताच्या अंतरावर! सगळ्यांनी "बरं चाललंय" म्हणून सांगितले. मग मुले संध्याकाळी घरोघर गेली. "काय लिखी राहिना रे भाऊ?" असे विचारीत म्हाताऱ्या चुलीपाशी बसवून घेत आणि सगळे सांगत. यादी झाली, आम्ही ती घाईने दिली. तिच्यात एक नाव दोनदा पडले होते आणि एक बाई काम सोडून गेलेली होती. मालकाच्या वकिलाने तेवढीच दोन नावे वाचून दाखविली आणि सारी यादी खोटी ठरविली.

दुसऱ्या खेपेस प्रत्येक घरी एक वही ठेवली. आई घरी आली की मुलाने आत जाण्याची व बाहेर पडण्याची वेळ त्याच रात्री लिहावयाची. महिनाभर खंड नाही. दर आठवड्याला दुसऱ्या घरचा मुलगा ती तपासून पाही. या वह्यांपुढे मालकाला बोलणी करावी लागली आणि थकलेल्यांपैकी काही पैसे मिळाले. परंतु यादीत नाव दिसले म्हणून दोन बायांचे काम गेले, ते आम्हांला परत मिळवून देता आले नाही. नावाच्या जागी क्रमांक घालावा, नावांची किल्ली संघटनेत कुलुपात ठेवावी, हे शहाणपण आम्हांला नंतर सुचले. त्या दोघींपैकी एक अजून रस्त्यात भेटते. ती काही बोलत नाही. आमचीच मान खाली जाते.

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या भागांत आणि तिकडे साक्रीकडे, वनहक्काच्या दाव्यांसाठी हेच काम वेगळ्या तऱ्हेने करावे लागते. 2006 च्या कायद्याने 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासूनची कसवणूक दाखवावी लागते, आणि तीही एकाहून अधिक पुराव्यांनी. जुनी दंडाची पावती, विहीर, बांध, दगडांचा ढीग, पूर्वजांना पुरल्याची जागा, वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब, हे सगळे चालते. 13 फेब्रुवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढण्याचा हुकूम केला आणि 28 फेब्रुवारीस तो स्थगित ठेवला. त्या पंधरा दिवसांत घरातला प्रत्येक कागद पुन्हा पुन्हा पाहिला गेला असेल, हे सांगावयास नको.

येथे मोबाईल घेऊन शेताच्या कडेने चालणारा तरुण फार उपयोगी पडतो. परंतु दाट झाडीत आणि नाल्यात ते यंत्र काही मीटर इकडेतिकडे दाखविते, आणि तेवढ्यावरून भावाभावांत काठ्या निघतात. म्हणून शेजारच्या शेतकऱ्याला बरोबर घेऊनच फेरी मारावी व दोघांच्या सह्या-अंगठे घ्यावेत. नकाशा झाला की तो ग्रामसभेत मोठ्याने वाचावा. बायांना पुढे बसवावे, कारण पाणी कोठून आणले आणि सरपण कोठे तोडले हे त्यांनाच अचूक ठाऊक असते. दावा फेटाळला तर त्याचे लेखी कारण मागावे. त्यावर दाद मागण्यास साठ दिवस असतात, ते कारण हाती पडल्याची तारीखही वहीत लिहावी.

पेरणी झाली की बांध आणि दगडांच्या खुणा पिकात झाकून जातात. तेव्हा परीक्षा संपून मृगाचा पाऊस पडेपर्यंत जे दोन महिने मिळतात, त्यांतच ही मोजणी उरकून घ्यावी.